शंभरात चार

वनस्पतिशास्त्राची लेखी चाचणी हरिचंद सरांनी यंदा बंद केली होती. त्याऐवजी कॉलेजातल्या प्रत्येकानं दहा घरांचं सोयाबीन तपासायचं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, सात दिवसांनी कोंब मोजायचे, पेरावं की नाही ते मालकाला सांगायचं आणि त्याची सही आणायची. चाळीस मार्क. बाकीचे प्राध्यापक हसले होते, "पोरं घरी बसून आकडे भरतील, सर."

कोमलची वही बघताना सरांना तेच आठवलं. नऊ घरांचे आकडे साठ ते ऐंशी. दहावं घर मंजुळाबाईचं, शंभरात चार. असलं बियाणं कोण ठेवतं? सहीऐवजी अंगठा, तोही गड्यासारखा जाड.

"खरं आहे सर," कोमल खाली बघत म्हणाली. ते खाली बघणंच त्यांना खटकलं.

"खोटं निघालं तर शून्य," त्यांनी बजावलं, आणि रविवारी गाडी काढली.

सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या गावात मंजुळाबाईच्या घराच्या ओट्यावर म्हातारा पुंजाजी बसला होता.

"मंजुळाबाई आहेत?"

"न्हाई. तीन वर्षं झाली जाऊन."

मेलेल्या बाईच्या नावावर अंगठा! सरांनी वही पुढं केली. "मग हा कुणाचा?"

"माझा. बायको व्हती माझी."

"मग नाव तिचं काहून?"

"बियाणं तिनं निवडलं, कडूलिंबाचा पाला घालून तिनंच ठिवलं. बियाणं बाईचं असतंय. मी नुसता पेरणारा."

"तीन वर्षं पेरलं नाही?"

"हात लावू वाटला न्हाई."

पोरीनं म्हाताऱ्याला पढवलं असेल, सरांना वाटलं. "बराबर मोजलं का तिनं?"

"दोनदा. मी म्हणलो, पोरी, शंभर लिही. माझ्या माणसाचं नाव हाय त्याच्यावर. रडली, पण लिहिलं न्हाई. मी बी अंगठा दिला न्हाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तवा दिला."

त्यानं दारामागून तेलाचा डबा ओढला. त्यात चार रोपं होती, पिवळी पडलेली.

"त्या पोरीनंच लावून दिली. जगतील का, मास्तर?"

"सावलीत कशी जगतील?" सरांनी डबा उचलून उन्हात ठेवला. मग पेन काढून वहीत आकडा लिहिला.

"किती दिले लेकराला?"

"चाळीस."

"शंभरातले?"

"चाळीसातले."