पत्र्याच्या पट्ट्या

बागेत कारंजं होतं, त्यात पाणी नव्हतं. बाकं होती, त्यांना पाठी नव्हत्या. आणि हेडमाळी होते, त्यांचं ऐकणारं कोणी नव्हतं. दीडशे वर्षांच्या त्या बागेत धड असं काही उरलं असेल, तर झाडांच्या नंबरांच्या पत्र्याच्या पट्ट्या. भुरटे चोर त्या उपटून नेत, म्हणून माळ्याने गेल्या वर्षी सगळ्या स्वतःच्या हातांनी काढून, पुसून कोठीत कुलूपबंद केल्या होत्या. शहाणपणा असावा तर असा!

तोच शहाणपणा अंगाशी आला. झाडं मोजायला खात्याने धाडलेले कारकून माळ्याचेच जावई निघाले. खात्याच्या हिशेबी पट्टी असेल ते झाड. नसेल ती मोकळी जागा. आणि मोकळ्या जागेत मोटारी उभ्या राहणार.

"जावईबापू, हे काय लिहिलंत? झाडं शून्य?"

"मामा, पट्टी कुठे दिसलीच नाही."

"आणि हे?" माळ्याने कारंज्याजवळच्या थोराड झाडावर थाप मारली. त्याच्याच सावलीत जावई घाम पुसत उभे होते.

"मला दिसतंय हो. कागदाला दिसायला हवं ना!"

"मग आत्ता लावतो पट्ट्या."

"लावाल कशा? कोठीची यादी परवाच वर गेली. पट्ट्या दोनशे बारा, सुस्थितीत. आता एक जरी हलली, तरी खुलासा द्यावा लागेल."

कारंज्याचा नळ दुरुस्त व्हावा म्हणून माळ्याने अकरा वर्षं अर्ज केले होते. उत्तर एकाचंही नाही. आता त्यांनी अर्जाचा नाद सोडला. तडक कोठीत गेले, एक नंबरची पट्टी आणली आणि तारेने खोडाला करकचून बांधली.

"मामा, माझी नोकरी घालवता की काय! पट्टी कुठे गेली म्हणून लिहू?"

"खरं ते लिहा."

जावईबापूंनी चडफडत खुलाशाचा फॉर्म भरला : 'एक नंबरची पट्टी कारंज्याजवळच्या झाडावर आहे.' पेन तिथेच थबकलं. झाड कागदावर आलं होतं!

माळी तोवर पुन्हा कोठीच्या दाराशी पोचले होते. "थांबा, दोन नंबर आणतो."

"राहू द्या, मामा. बागेमागे वर्षाला एकच खुलासा घेतात."

माळ्याने तारेचं भेंडोळं आपटलं. ते घरंगळत जाऊन कोरड्या कारंज्यात पडलं.

"मग त्या मोटारींना सांगा, दोनशे अकरा वर्षं थांबा म्हणावं!"