गाठ परत यावी म्हणून

काचेवर काही नव्हतं, आणि ते काही नसणंच काचबाईंना बसू देत नव्हतं. त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत येऊन मायक्रोस्कोपला डोळे लावले, पुन्हा उठल्या. काचबाई हे हॉस्पिटलने त्यांना दिलेलं नाव. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या गाठींचे तुकडे काचेवर बघायचे आणि गाठ कोणत्या जातीची ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यातल्या दुर्मिळ गाठी अशा काही एकमेकींची सोंगं घेतात, की त्यांच्यापुढे जुळ्या बहिणी परवडल्या. तरी काचबाई सहसा हार मानायच्या नाहीत. आज मात्र त्यांची मती गुंग झाली होती.

तुकडा घड्याळवालीचा होता. घड्याळदुरुस्तीचं दुकान ती एकटीच चालवायची. हल्ली तिच्या उजव्या हातातून बारीक स्क्रू निसटायला लागले होते, डोकं फुटेल असं दुखायला लागलं होतं. एमआरआयमध्ये मेंदूत खोल एक डाग दिसला. सर्जननी तिथून सुईने तुकडा काढला, आणि आता काचेवर दिसत होत्या फक्त सफाई करणाऱ्या पेशी, खाऊन टम्म फुगलेल्या. चोर पसार झालाय आणि घरात केरवाल्यांची गर्दी, असला प्रकार.

"गाठ की सूज? एका शब्दात सांग," सर्जन दारातूनच म्हणाले.

"दोन शब्दांत सांगते. माहीत नाही."

"मग त्या बाईच्या डोक्यात मी सुई काय हौसेने घातली? सूज लिही. मी औषध सुरू करतो."

"आणि निघाला लिम्फोमासारखा कॅन्सर, तर? किंवा लिम्फोमा समजून जहाल औषधं दिली आणि नुसती सूज निघाली, तर?" काचबाई थांबल्या. "तिला आधी स्टेरॉइड दिलं होतं का? त्याने लिम्फोमा तात्पुरता विरघळून जातो. मग काचेवर अस्संच दिसतं."

"एकही गोळी दिलेली नाही! हे मला शिकवणार का आता तू?"

सर्जन तणतणत निघून गेले. काचबाई सहसा वॉर्डात जायच्या नाहीत; माणसं बघितली की काचेवरचं धड दिसत नाही, असं त्या म्हणायच्या. पण आज पायच ठरेनात. त्या जिना चढल्या.

घड्याळवाली पलंगावर बसून उजव्या हाताने सदऱ्याची बटणं लावत होती. "बघा मॅडम, लागतायत! डोकंही हलकं झालंय." तिचा दादा शेजारी स्टुलावर होता. बसचा ड्रायव्हर, अंगाने दांडगा, पण श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"दमा आहे का हो तुम्हाला?" काचबाईंनी सहज विचारलं.

"जुना आहे. गोळ्यांवर चाललंय." त्याने खिशातून पाकीट काढलं.

काचबाईंनी नाव वाचलं. स्टेरॉइड. "हिलाही दिल्यात?"

दादाचा चेहरा उजळला. "दिल्या ना. तपासण्या संपेनात आणि ही रात्रंदिवस तळमळायची. मला बघवेना. माझी सूज उतरते, तर हिची का नाही? आणि गुण आला बघा!"

त्याला ओरडावं असं काचबाईंना फार वाटलं. पण जीव लावणाऱ्या माणसाला ओरडायचं तरी कसं? त्यांनी स्टूल ओढलं आणि सगळं समजावलं. गोळ्यांनी आजार बरा झालेला नाही, लपलाय. लपलेल्याचं नाव सांगता येत नाही, आणि नाव कळल्याशिवाय औषध ठरत नाही. तेव्हा गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद करायच्या आणि वाट बघायची.

"कशाची वाट?"

"आजार परत यायची."

दादा ताडकन उठला. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? बरी झालेली माझी बहीण पुन्हा आजारी पडू देऊ?"

"बस रे दादा." घड्याळवालीने शेवटचं बटण लावलं. "बिघाड न शोधता नुसतं हलवून चालू केलेलं घड्याळ मी कधी गिऱ्हाइकाला दिलंय का?"

गोळ्या बंद झाल्या. ती घरी गेली आणि काचबाईंच्या जिवाला घोर लागला. दर काही दिवसांनी तिची तपासणी व्हायची, आणि सगळं ठीक आहे म्हटलं की काचबाईंचा चेहरा पडायचा. एखाद्या बाईचं दुखणं परत यावं म्हणून आपण झुरतोय, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. आपलंच चुकलं असेल तर? खरोखरच सूज असेल, आणि आपण तिचं औषध बंद केलं असेल, तर?

एका दुपारी फोन वाजला. दादा होता.

"मॅडम, हात परत गेला तिचा. कप सुटला हातातून."

"वा!" काचबाईंच्या तोंडून निसटलं.

दादाने हळूच विचारलं, "मॅडम, तुम्ही वा म्हणालात?"

"म्हणाले दादा. लाज वाटते मला. आत्ताच्या आत्ता घेऊन या तिला."

सर्जननी पुन्हा तुकडा काढला, आणि या खेपेला काच भरलेली होती. रक्तवाहिन्यांभोवती मोठ्या, गडद पेशी दाटीवाटीने उभ्या होत्या. काचबाईंनी खास रंग चढवून खात्री केली आणि सर्जनना एक अक्षरही जास्त न बोलता सांगितलं, "लिम्फोमा."

कॅन्सरच तो, गोड बातमी नव्हती. पण चिरफाड न करता औषधांना दाद देणारा, आणि आता त्याला नाव होतं. हे सांगायला काचबाई स्वतः वॉर्डात गेल्या. नर्सने पहिली औषधं ट्रेमधून आणली होती. दादाने त्यात डोकावून बघितलं आणि तो जागच्या जागी थिजला.

"ही तर माझीच गोळी."

"तीच," काचबाई म्हणाल्या. "नाव कळलंय, आता चालेल. उपचारातच आहे ती, आता द्यायचीच आहे."

दादाने हात पुढे केला आणि मागे घेतला. घड्याळवालीचा उजवा हात मांडीवर लुळा पडला होता. तिने डावा तळवा त्याच्यापुढे पसरला.

"दे ना रे," ती म्हणाली. "तूच दे."