ओट्यावरचा समुद्र

आमचा समुद्र एकोणिसाव्या दिवशी द्वारकाआत्यानं उपसून कढीपत्त्याला घातला आणि कढीपत्ता मेला. हे वाक्य तुम्ही वाचलं नाही. मीही लिहिलं नाही. त्या दिवशी घरात काहीच झालं नाही अशी आत्याची भूमिका आहे, आणि मी आत्याकडंच जेवतो.

तर पहिल्यापासून.

आबेदा आणि मी एम.एस्सी.ला एका वर्गात, वनस्पतिशास्त्राला. प्रकल्प दोघांत एक. आबेदाला समुद्री शैवालावर काम करायचं होतं. तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. मी पाहिला होता, पण चौथीच्या सहलीत, बसच्या खिडकीतून, झोपेत.

आमचे मार्गदर्शक आप्पासाहेब सर, त्यांनी तिचा प्रकल्पाचा कागद वाचून खाली ठेवला.

"आबेदा, आपल्याकडं समुद्र नाय."

"माहितीये सर."

"जायकवाडी आहे."

"ते गोडं पाणी आहे सर."

हा जायकवाडीचा दोष असल्यासारखं सरांनी तोंड केलं आणि गाजरगवत सुचवलं. आमच्या विभागात गाजरगवतावर चौदा प्रबंध आहेत. गाजरगवतावर एकाचाही परिणाम झालेला नाही.

"गाजरगवत माझ्या दारात आहे," आबेदा म्हणाली. "त्याला भेटायला एम.एस्सी. कशाला करू?"

तिला पुढं किनाऱ्यावरच्या संशोधन संस्थेत जायचं होतं, आणि तिथं शैवालाचं काम केलेलीच पोरं घेतात. सरांना ते माहीत होतं. म्हणून त्यांनी अट घातली. शैवाल आणा, तीस दिवस जगवा, आणि तिसाव्या दिवशी एक तरी जात वजनानं वाढलेली दाखवा. वाढली तर सही. नाही वाढली तर गाजरगवत.

आबेदाच्या घरी पुढच्या खोलीत भावाची शिलाई मशीन आणि मागच्या खोलीत भावाची पाच पोरं. म्हणून टाकी आमच्याकडं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर आली. चाळीस लिटरची, काचेची. मत्स्यालयाच्या दुकानातलं समुद्री मीठ लिटरला पस्तीस ग्रॅम, म्हणजे एकूण एक किलो चारशे. मी ते मोजून फिल्टरच्या पाण्यात ओतत होतो तेव्हा आत्या परात घेऊन मागं उभी होती.

"पुंजा, आमटी कितीजणांची आहे?"

मी सव्वीस वर्षांचा आहे आणि माझं नाव आजोबांच्या नावावरून पुंजाराम आहे. त्यामुळं माझं म्हणणं घरात कुणी मनावर घेत नाही.

छोटा पंप लावला, दिवा लावला, तळाशी खडक मांडले. पाणी उडून जातं पण मीठ उडत नाही, म्हणून रोज जेवढं उडेल तेवढं साधं फिल्टरचं पाणी वर घालायचं. पातळी कळावी म्हणून आबेदानं काचेवर आत्याची टिकली चिकटवली.

शैवाल रत्नागिरीहून ट्रॅव्हल्सनं आलं, थर्मासमध्ये. दोन जाती. एक कॉलर्पा, हिरव्या पिसासारखी, देखणी. दुसरी कीटोमॉर्फा. हिचं वर्णन एका शब्दात होतं: घासणी. भांडी घासायची तारेची असते तशी, फक्त हिरवी.

सुटीत कॉलेजचा काटा कुलपात होता, म्हणून गुलमंडीजवळ एका सराफाकडं वजन केलं. तीन वेळा झटकून पाणी काढलं आणि घासणी त्याच्या काट्यावर ठेवली. चाळीस ग्रॅम.

"मोड द्यायचीय का?" सराफानं विचारलं.

"नाही," आबेदा म्हणाली. "महिन्यानं वाढवून आणते."

"बाई, आमच्याकडं ठेवलं तर वाढत नाय."

आता आत्याचा नियम सांगायला हवा. आमच्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. त्या दिवशी घरात शिळं पाणी ठेवायचं नाही. हंडे, पिंप, बादल्या उपसायच्या, शेवाळ घासून काढायचं, ताजं भरायचं. पण शिळं पाणी फेकायचंही नाही. त्यातलं थोडं झाडाला जातं, बाकीचं फरशीला आणि संडासाला. हे सगळं दोन तासांत. मधे कुणी आलं तर त्याच्या हातात बादली येते, नाव नंतर विचारतात.

तिसऱ्या दिवशी पाणी आलं तेव्हा मी घरात होतो. अकराव्या दिवशीही होतो. एकोणिसाव्या दिवशी चुलतभावाचा साखरपुडा होता, करमाडला. निघताना मी आत्याला बजावलं.

"टाकीला हात लावू नको."

"मासे कधी टाकणार तिच्यात?"

"मासे नाहीत आत्या. तिच्यात फक्त शेवाळ ठेवायचंय." हे मी अभिमानानं म्हणालो.

ज्या बाईनं चाळीस वर्षं दर आठवड्याला शेवाळाशी उभा दावा मांडला, तिला मी हे सांगून बसमध्ये चढलो.

संध्याकाळी परत आलो. फरशीवर पांढरी भुकटी होती आणि चप्पल चिकटत होती. ओट्यावर टाकी लखलखत होती, टिकलीपर्यंत ताज्या नळाच्या पाण्यानं भरलेली. आत कॉलर्पा होती, उकडलेल्या शेवयांसारखी पांढरी. घासणी नव्हती.

"लई घाण झालती काच," आत्या म्हणाली. "त्याच्यातच एक घासणी सापडली, तिनंच घासली. चांगली आहे. कुठून आणली?"

मी आबेदाला फोन केला. ती वीस मिनिटांत आली. ती रडेल असं मला वाटलं होतं आणि त्यासाठी मी दोन वाक्यं तयार ठेवली होती. तिनं ती मागितलीच नाहीत.

"खाला, पुराना पानी किधर डाले?"

"तीन बादल्या कढीपत्त्याला. एक फरशी पुसून उरलेली ठेवलीय, संडासात."

आबेदा संडासात गेली. तिथं आमच्या समुद्रातलं शेवटचं दहा लिटर पाणी होतं, आणि त्यात वापरून टाकलेली घासणी तरंगत होती. हिरवी. आबेदानं क्षारमापक बुडवून बघितला, मग बादली दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणली.

"जिंदा है."

"अकरा दिवस राहिलेत," मी म्हणालो. "आणि उरलेलं मीठ चारशे ग्रॅम."

"म्हणजे अकरा लिटर. हे दहा. एकवीस झाले. टिकली खाली लाव."

टाकीतलं गोडं पाणी मी मोरीत ओतायला निघालो तर आत्या आडवी आली. ते तिनं कपड्यांना घेतलं. आम्ही नवं पाणी कालवलं, रात्रभर पंपावर फिरवलं आणि सकाळी घासणी आत सोडली. त्याआधी पुन्हा सराफाकडं वजन केलं. तेहेतीस ग्रॅम.

"सात ग्रॅम घट कशात गेली?" सराफानं काळजीनं विचारलं.

"काच घासण्यात."

तो दुसरीकडं वळला. दुकानात गिऱ्हाईक होतं.

मग आबेदा रोज सकाळी सातला यायची. पाणी टिकलीपर्यंत भरायचं, क्षार बघायचा, घासणी हलकेच उलटायची म्हणजे खालच्या धाग्यांनाही उजेड मिळतो. चोविसाव्या दिवशी कढीपत्त्याची पानं गळली. खालच्या मनकर्णाबाईंनी आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, कीड आहे. आबेदा घासणी उलटत राहिली.

सत्ताविसाव्या दिवशी पुन्हा पाणी आलं. आबेदा ओट्यासमोर स्टूल टाकून बसली. आत्या झाडू, बादली आणि काथ्या घेऊन आली.

"पोरी, आठ दिवसांचं शिळं पाणी आहे ते."

"समुद्राचं पाणी शिळं होत नाही खाला."

"त्याला बदलतं कोण?"

"कुणीच नाही. कधीच नाही."

आत्या विचारात पडली. तिच्या मनात बहुतेक समुद्राबद्दल कायमची किळस बसली. पण ती टाकी सोडून पिंपाकडं गेली.

तिसाव्या दिवशी सर म्हणाले, पहिलं वजन ज्या काट्यावर, शेवटचंही त्याच काट्यावर. म्हणून सर, मी, आबेदा आणि डब्यातली घासणी सराफाकडं गेलो. दुकानात एक कुटुंब मंगळसूत्र बघत होतं. ते थांबलं. आबेदानं तीन वेळा झटकलं, चौथ्यांदा नाही, आणि घासणी काट्यावर ठेवली.

एक्केचाळीस पूर्णांक दोन.

सराफानं काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवलं. तेवढंच.

"सोन्यापेक्षा बरं आहे," मंगळसूत्रवाल्या बाई म्हणाल्या.

सराफानं वजनाची पावती फाडली आणि सरांनी काउंटरवरच सही केली. मग विभागाचा छापील नमुना उलटून बघितला आणि चष्मा काढला.

"रकाना नऊ. सागरी विषय असेल तर किनाऱ्यावरच्या गावाचं नाव. सक्षम अधिकाऱ्याच्या दाखल्यासह. रिकामा सोडला तर कागद परत येतो."

"सर, शैवाल जगलं," आबेदा म्हणाली.

"मला दिसतंय गं. कागदाला दिसत नाय."

आबेदानं डब्याचं झाकण लावलं.

"पुंजा, वही काढ. तू गमती करतोस ना नेहमी? आज नको करू. सरळ लिही."

मी सरळ लिहिलं.

प्रति,
मा. जिल्हाधिकारी

विषय: फ्लॅट क्र. सात येथील स्वयंपाकघराचा ओटा किनारपट्टीत समाविष्ट करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, सदर ओट्यावर एकवीस लिटर समुद्र अस्तित्वात असून त्याची क्षारता योग्य आढळून आली आहे. समुद्रात वनस्पती वाढत असल्याबाबत सराफाची पावती सोबत जोडली आहे. तरी सदर ओटा किनाऱ्यावरील गाव म्हणून घोषित करून तसा दाखला अर्जदार आबेदा यांना देण्यात यावा, आणि सदर ठिकाणी दिवसातून दोन वेळा भरती व दोन वेळा ओहोटी मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती.