जांभळा अंगठा

क्र. १ : भव्य प्रवेशद्वार

प्लॉट अनुपमाला नव्हे, जोसेफिनला घ्यायचा होता. दोघी अबुधाबीच्या एकाच हॉस्पिटलात. अनुपमा वॉर्डात स्टाफ नर्स, जोसेफिन बिलिंगच्या खिडकीत. शनिवारी दुबईत भारतातल्या बिल्डरांचं प्रदर्शन होतं आणि वसईच्या जोसेफिनला म्हातारपणासाठी डोंगरात घर हवं होतं.

"आयेला पण घे गं गाडीत," ती म्हणाली होती. "चार भिंती बघून बघून वैतागली असेल बिचारी. आणि बिर्याणी फुकट आहे."

आये म्हणजे अनुपमाची आई, बारकी उंबरसाडा. वारली. वय सत्तरच्या आसपास. नक्की आकडा आधार कार्डवाल्याने अंदाजाने टाकलेला. डहाणूच्या पुढे डोंगरात सावरखिंड पाडा आहे, तिथून ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लेकीकडे आली आणि व्हिसा दोनदा वाढवून राहिली. आता तिला लांबचं लख्ख दिसत होतं.

क्र. ५ : इन्फिनिटी पूल

हॉलच्या मधोमध टेबलाएवढा डोंगर ठेवला होता. हिरवा भुसा चिकटवलेला, काडेपेटीएवढे बंगले, निळ्या काचेचा तलाव. प्रत्येक गोष्टीवर नंबर, आणि नंबरांची यादी बाजूच्या पाटीवर. प्रकल्पाचं नाव 'वननंदन'. पाटीच्या कडेने पांढऱ्या त्रिकोणी माणसांचा तारपा-नाच छापलेला.

जोसेफिन सेल्समनशी बोलत होती. सुयश नाव, पुण्याचा, दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमध्ये राहणारा, कोट घातलेला पोरगाच.

"दीड लाख दिरहम मॅडम, ऑनवर्ड्स. म्हणजे छत्तीस लाख फक्त."

"फक्त म्हणे. मेल्या, तुझ्या तोंडात छत्तीस लाख किती हलके वाटतात."

सुयश हसला. अनुपमाही हसत होती, तेवढ्यात आयेने तिची ओढणी धरली.

"हा आपला ओहोळ हाय."

"आये, खेळणं आहे ते."

"असंल. पण ओहोळ आपला हाय. हितं वळतो, मग खडकाखाली जातो. ही दोन टेकाडं बघ. ह्या दोघांच्या मधून तू शाळेत जायची."

अनुपमाने वाकून पाहिलं. आश्रमशाळेची आठ वर्षं ती त्या खिंडीतून गेली होती, पण वरून कधी पाहिली नव्हती. वरून डोंगर परका दिसतो. मग तिने रस्त्याचं वळण पाहिलं. वळणावरचा मोठा खडकसुद्धा त्यांनी बनवला होता, कापसाचा, करडा रंग लावून.

तिचं बोट वळणापासून मोजत आत गेलं. जिथे त्यांचं घर असायला हवं होतं तिथे निळी काच होती.

क्र. ८ : योगा डेक

"हितं वाघोबा देव असतो," आये म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही.

क्र. २ : ट्रायबल थीम कॉटेज

"जमीन कोणाची आहे ही?" अनुपमाने सुयशला विचारलं. वॉर्डात एखाद्याचं बीपी कोसळलं की तिचा आवाज असा सपाट व्हायचा.

"शंभर टक्के क्लिअर, मॅडम. जमिनीची काही पार्सल आदिवासींची आहेत, त्याला कलेक्टरची परमिशन लागते. फाइल गेलीय. अठरा तारखेला सुनावणी, ऑब्जेक्शन कोणाचंच नाही. इन्शाल्ला खलास."

"आदिवासी कुठे जाणार?"

"ते हॅपी आहेत हो. नव्वद वर्षांची लीज आहे, विकत नाही घेतलेली. म्हाताऱ्या माणसांना शेती कुठे झेपते? हाऊसकीपिंगला त्यांच्याच मुलांना घेणार." मग आयेकडे वळून, गोड आवाजात, "आजी, बसा ना. कॉफी आणू? आजी कुठल्या?"

आयेने टेबलाकडे बोट केलं. सुयशला वाटलं, तिला कॉटेज आवडलं.

"मला कागद बघायचे आहेत," अनुपमा म्हणाली. "संमतीचे."

"अगं, घ्यायचं मला आहे," जोसेफिन म्हणाली; पण मैत्रिणीचा चेहरा पाहिला आणि सुयशकडे वळली. "दाखव रे. कागद बघितल्याशिवाय आम्ही वसईवाले पाणी पण पीत नाही."

त्याने टॅबलेट उघडला. गिऱ्हाइकांना विश्वास वाटावा म्हणून सगळं स्कॅन करून ठेवलं होतं. एकामागून एक संमतीपत्रं सरकत गेली. मजकूर एकच, खाली वेगवेगळे अंगठे. निळा, निळा, काळा, निळा.

जांभळा.

त्याच्यावर तिरकी पांढरी रेघ. आयेच्या डाव्या अंगठ्याला लहानपणी विळा लागला होता, तिथे ठसा उमटत नाही. वर छापलं होतं : *मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवला, तो समजला व मान्य आहे.*

शाईच्या पॅडचा जांभळा नव्हता तो. तो रंग अनुपमा ओळखत होती. तिने स्वतः आणला होता.

कार्यपद्धती *(पाटीवर हा नंबर नाही)*

स्थळ : अबुधाबी, अनुपमाची खोली. वेळ : मार्चमधली एक सकाळ, ड्यूटीला निघण्याआधी.

कारण : भाऊ लाडक्याचा फोन. वनहक्काचा दावा टाकायचाय, आयेचे अंगठे लागतील, कोऱ्या कागदांवर पाठव, मजकूर इथे टाइप करतो.

साहित्य : कोरे कागद. शाईचं पॅड घरात नव्हतं. म्हणून जखमेवर लावायच्या जांभळ्या जेन्शन व्हायोलेटची बाटली, कापूस.

रुग्णाची तक्रार : "कोऱ्यावर कशाला?"

उत्तर : "आये, सरकारी काम आहे. तुला नाही कळायचं."

रुग्णाने दुसऱ्यांदा विचारलं : "लिवलेलं आल्यावर लावू की."

उत्तर दिलं नाही. उशीर होत होता. मनगट धरून अंगठा टेकवला, पुढचा कागद सरकवला.

नंतर : अंगठा स्पिरिटने पुसला. रंग चार दिवस राहिला. कुरिअर त्याच दिवशी.

क्र. ३ : क्लबहाऊस

अनुपमाने ठसा मोठा करून पाहायला टॅबलेट ओढून घेतला. तिच्या हातातून तो सटकला. तो सुयशने वरच्या वर झेलला. "मॅडम, पाणी?" तो खरंच घाबरला होता.

"हा अंगठा हिचा आहे," ती म्हणाली.

सुयशने आयेकडे पाहिलं, मग टेबलावरच्या डोंगराकडे. "म्हणजे... आजी त्या...?" तो टॅबलेट छातीशी धरून मागे सरकला आणि मॅनेजरला शोधायला गेला.

माईकवर कुणीतरी लकी ड्रॉचे नंबर वाचत होतं.

अनुपमाने लाडक्याला फोन लावला. त्याने पहिल्या रिंगला उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, विकली कुठे? भाड्याने दिली. आये म्हातारी झाली, तिकडे दुबईत बसलीय. तिला काय कळतंय जमिनीचं?"

हेच शब्द मार्चमध्ये तिच्या तोंडात होते. तिने फोन बंद केला.

जोसेफिन हळूच म्हणाली, "बाय, आयेला आत्ता सांगू नकोस. या वयात धक्का... घरी जाऊ, शांतपणे बघू."

म्हणजे अजून एकदा आयेला वगळून. अनुपमा क्षणभर तसंच करणार होती. 'चल आये, बिर्याणी संपेल,' हे वाक्य ओठांपर्यंत आलंही होतं.

पण आये समोर येऊन उभी राहिली होती. "तो पोरगा काय बघून पळाला?"

"तुझा अंगठा. जमीन दिल्याच्या कागदावर आहे. मार्चात मी घेतला होता ना, तो."

आयेने डावा अंगठा वर करून पाहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"किती कागद होते?"

"अकरा. लाडक्याने दहा सांगितलेले. एक जास्तीचा घेतला, खराब झाला तर म्हणून. अकराही पाठवले."

"हितं किती दिसले?"

"एक."

आये खुर्चीवर बसली आणि बोटं मोजू लागली. "जमिनीचा हा गेला. घर. मोहाची झाडं. इहिरीतला वाटा. बँकेचं बुक. रेशन." मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं. "पाचच होतात गं. दहा कागद बाहेर हायत. अजून पाचांवर घालायला माझ्याकडे काय हाय?"

अनुपमा तिच्या पायाशी जमिनीवर बसली. गालिच्यावरून माणसं त्यांना वळसा घालून जात होती. जोसेफिन त्यांच्या आड, हॉलकडे पाठ करून उभी राहिली.

"अठरा तारखेला कलेक्टरकडे सुनावणी आहे," अनुपमा म्हणाली. "हरकत घेता येते. मी इथून लिहून पाठवते, आज रात्रीच. वकील बघते."

"कागद नको." आयेने मान हलवली. "कागदानंच झालं हे. मी जाणार. तिकीट काढ."

"काढते. तुला विमानात बसवून देते, तिकडे उतरवून घ्यायला—"

"दोघींचं काढ."

"आये, मला सुट्टी नाही. आणि तिथे मी उभी राहिले तर मला सांगावं लागेल, कोरे कागद मी पाठवले. लाडक्यावर केस होईल. माझ्यावरही. माझं लायसन, इथली नोकरी..."

"अंगठा माझा हाय," आये म्हणाली. "तो मी दाखवीन. मनगट कोणी धरलेलं, ते मी कसं दाखवू? ते तू सांगायचं."

ती उठली. टेबलापाशी गेली, आणि मॅनेजरला घेऊन सुयश परत येईपर्यंत निळ्या काचेवर आपला पंजा उपडा ठेवून उभी राहिली.

अनुपमाने फोन उघडला. प्रवासी किती, असं त्यात विचारलं होतं. तिने दोन केले.