उषाच्या नावावरची दुखणी

उषाचा उजवा अंगठा नऊ महिने दुखत होता आणि त्या नऊ महिन्यांत घरातल्या प्रत्येकाने त्यावर आपलं मत दिलं होतं. औषध मात्र कुणी दिलं नव्हतं.

दुखणं तसं किरकोळच. मिल बंद व्हायच्या आधीच्या आठवड्यात वाइंडिंग खात्यात सुताच्या बॉबिनांनी भरलेली पेटी सरकून तिच्या अंगठ्याच्या बुडाशी आदळली. रक्त नाही, हाड मोडलं नाही. तिने चिंधी गुंडाळली आणि पाळी पुरी केली. चार दिवसांनी मिलच्या गेटला कुलूप लागलं. हजारो माणसांच्या पोटापुढे एका अंगठ्याची काय कथा! सूज उतरली, पण कळ काही गेली नाही. कणीक मळताना, चादर पिळताना, डब्याचं झाकण काढताना मनगटापर्यंत सणक जायची.

वाइंडिंगवालीचा अंगठा म्हणजे काय चीज आहे हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं. सुताची एक बॉबिन संपली की तिचं टोक दुसरीच्या टोकाला जोडायचं. गाठ इतकी बारीक की कापडात दिसू नये, आणि इतकी झटपट की मुकादमाला ओरडायला सवड मिळू नये. उषाने हे बावीस वर्षं केलं होतं. एप्रिलमध्ये सांवेर रोडवर दोऱ्याचा एक नवा कारखाना निघाला, तिथे जुन्या मिलवाल्या बायका घेताहेत असं कळलं, तशी ती गेली. फोरमनने दोन टोकं हातात दिली आणि म्हणाला, "बांध के बताओ." गाठ तीनदा सुटली. माणूस भला होता. "जुलाई में फिर भर्ती है, हाथ ठीक करवा के आना," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून उषाच्या डोक्यात एकच गोष्ट होती. जुलैच्या आत अंगठा बरा व्हायला हवा.

दाखवायची जागाही तिच्याकडे होती. मिल कामगारांचा बीमा दवाखाना. मिल बंद पडली तरी तिचं कार्ड तीस जूनपर्यंत चालू होतं, आणि बावीस वर्षं पगारातून कापून घेतलं होतं ते ह्याचसाठी.

मग बाई गेली का नाही? गेली होती की! दर पंधरा दिवसांनी गेली होती. पण स्वतःसाठी नाही. कार्डावर नावं दोनच, उषा आणि तिची मुलगी सुरभी. सासूबाई, म्हणजे द्वारकाबाई, त्या यादीत बसत नव्हत्या. नवरा शंकरराव स्वतः कमावता, म्हणून बसत नव्हता. राजेंद्र नगरला वेगळं बिऱ्हाड केलेला दीर शरद तर कुठल्याच यादीत बसण्यासारखा नव्हता. दुखणी मात्र सगळ्यांना होती. तेव्हा ह्या घराने आपल्यापुरती एक सोय लावून घेतली होती, की दुखणं कुणाचंही असो, सांगायचं उषाने. सासूबाईंचा दमा ती धापा टाकत सांगायची. नवऱ्याचं पित्त छातीवर हात ठेवून सांगायची. शरदला साखर निघाली तेव्हा तहान किती लागते, पाय कसे चुरचुरतात, हे शंकररावांनी तिच्याकडून पाठ करून घेतलं, आणि लघवी तपासायची बाटलीसुद्धा शरदचीच गेली. आता दवाखान्याचा नियम असा, की एका वेळी एक परची, म्हणजे चिठ्ठी, आणि एका परचीवर एकच तकलीफ. एवढ्या लोकांच्या रांगेत अंगठ्याचा नंबर लागणार कधी?

जूनच्या शेवटच्या रविवारी शरद स्कूटरवरून आला आणि परदेशीपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत पोह्यांच्या बशा घेऊन अंगठ्यावर बैठक बसली.

"छावणीतल्या पहिलवानाकडे जा," द्वारकाबाई म्हणाल्या. "तेल लावून एक झटका देईल की बस्स. सुईबिईच्या फंदात कशाला पडतेस?"

"आई, पहिलवान काय करेल? वहिनी, आता प्रायव्हेटचा जमाना आहे," शरद शेव भुरभुरवत म्हणाला. "आमच्या कॉलनीत नवा नर्सिंग होम खुलला आहे. वेटिंगमध्ये रंगीत टीव्ही लागलेला, एकदम चकाचक. बीमावाले काय देतात? लाल पाणी!"

"लाल पाणी देतात तर तीन वर्षं तिथल्याच गोळ्या का खाता, भाऊजी?"

सुरभीला ठसका लागला. शरदने आणखी शेव घेतली.

शंकररावांनी घसा साफ केला. कपडा मार्केटात शेठजींपुढे मान खाली घालून दिवस काढणारा हा माणूस घरात मात्र निकाल दिल्यासारखं बोलायचा. "मंगळवारी कार्ड खतम. तेव्हा शेवटची परची शरदची. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम लिहवून घ्यायच्या. साखर म्हणजे काही मजाक नाही. अंगठ्याचं बघू पुढे, तो कुठे पळून चालला आहे?"

उषाला इतका राग आला की हातातली बशी आपटावीशी वाटली. पण उजव्या हाताने आपटली तर आपल्यालाच कळ लागेल हेही तिला कळत होतं, आणि त्यामुळे राग आणखी वाढला.

"मंगळवारी मी माझा हात दाखवणार," ती म्हणाली.

"आणि शरद?"

"त्यांनी नर्सिंग होममध्ये जावं. टीव्ही आहे तिथे."

मंगळवारी शंकररावांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. बावीस वर्षांत बायकोबरोबर दवाखान्याच्या रांगेत ते कधी उभे राहिले नव्हते. आज राहिले, आणि रांगभर तिच्या कानाशी पुटपुटत राहिले. "घरात काय बोललीस ते बोललीस. इथे सीधी साखरच सांग. गोष्ट वाढवू नकोस. कुणाला कळलं तर लेने के देने पडतील."

उषा रांगेबरोबर पुढे सरकत राहिली. शंकररावांना वाटलं, पटलं.

आत जुने डॉक्टर नव्हते. ते बघायचेही नाहीत, "वही दवा?" विचारून लिहून द्यायचे. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण बसली होती, आणि ती फाइल वाचत होती. पहिल्या पानापासून वाचत होती. शंकररावांच्या कपाळावर घाम आला.

"क्या तकलीफ है?"

"वो शुगर..." शंकररावांनी सुरुवात केली.

"अंगूठा," उषा म्हणाली आणि हात टेबलावर ठेवला.

डॉक्टरणीने अंगठा धरला, आत दुमडला, मनगट खाली वाकवलं. उषाच्या तोंडून हाय निघाली. "नस पर सूजन है. यहाँ एक इंजेक्शन लगा दें और दो हफ्ते पट्टी बाँधें तो आराम आ जाना चाहिए. इतने दिन क्यों बैठी रहीं?" मग तिने पुन्हा फाइल ओढली आणि हात थांबला. "लेकिन आपको तो शुगर है, तीन साल से. ये इंजेक्शन शुगर बढ़ा देता है. ऐसे में मैं नहीं लगाऊँगी. मालिश करवाइए, सेंक कीजिए."

म्हणजे पुन्हा पहिलवानच!

शंकररावांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. "ठीक है मैडम. तो फिर शुगर की गोली तीन महीने की..."

उषाने फाइलीकडे बघितलं. ती जाडजूड फाइल तिच्याच नावाची होती. पानापानावर तिचं नाव, तिचा नंबर, तिचं वय, आणि खाली दमा, पित्त, साखर. त्या घरातलं एकही दुखणं लिहायचं राहिलं नव्हतं. ह्या बाईला बावीस वर्षांत काय झालं होतं, ते मात्र कुठल्याच पानावर नव्हतं. तिला एकदम हसू आलं, आणि हसण्याच्या पाठोपाठ असा संताप आला की भीती कुठल्या कुठे गेली.

"मुझे शुगर नहीं है," ती म्हणाली.

"उषा!"

"मुझे दमा भी नहीं है. पित्त भी नहीं है, मैडम. इसमें की एक भी बीमारी मेरी नहीं है. दमा सास का, पित्त इनका, शुगर देवर की. बोलने मैं आती थी. मेरा बस ये अंगूठा है."

दाराशी उभा असलेला कंपाउंडर गार झाला. डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "आपको पता है आप क्या कह रही हैं? मैं ऊपर लिखकर भेज सकती हूँ."

"भेजिए. गलती की है तो लिखिए, मैं दस्तखत करती हूँ. पर शुगर आज मेरी जाँचिए, अभी. और नहीं निकली तो सुई लगाइए. कार्ड आज शाम तक मेरा है."

शंकरराव तिच्या बाहीला धरू लागले. तिने बाही सोडवून घेतली. ओढाताणीत अंगठ्यातून कळ गेली, पण ती हलली नाही.

डॉक्टरणीने फाइल बाजूला सारली. मग कंपाउंडरला म्हणाली, "इनको शीशी दो."

ह्या खेपेला बाटली उषाची गेली. वीस मिनिटांनी कंपाउंडर कागद घेऊन आला. साखर नव्हती. डॉक्टरणीने मागच्या तीन वर्षांच्या नोंदींवर लाल शाईने एक आडवी रेघ मारली, शेजारी काहीतरी खरडून सही केली आणि उषाचीही सही घेतली. मग सुईची तयारी करायला सांगितली.

"अगं, पण शरदच्या गोळ्या?" शंकरराव कळवळून म्हणाले. आवाज शेठजींसमोरचा निघाला होता.

"भाऊजींना दोन पाय आहेत, स्कूटर आहे. सरकारी अस्पतालात स्वतःच्या नावाने लाइन लावतील. तहान किती लागते, पाय कसे चुरचुरतात, सगळं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे."

शंकरराव बाहेर जाऊन बाकावर बसले.

डॉक्टरणीने नवं पान काढलं. "हाँ, अब बताइए. कब से है, कैसे लगा?"

मागे रांग दारापर्यंत आली होती, कुणीतरी "जल्दी करो भिया" म्हणत होतं. उषाने स्टूल पुढे ओढलं, नीट बसली आणि पेटी सरकली त्या दिवसापासून सांगायला लागली. तिने अजिबात घाई केली नाही.