वळचणीची काडी

लाडक्याने हात वर करून छपराच्या वळचणीतून एक काडी ओढून काढली, ती सरळ आहे का ते पाहिले आणि पागोट्यात कानाजवळ खोचली. मग तो खळ्यावर अंथरलेल्या घोंगडीवर बसला. दुसरे दोन पंच आधीच येऊन बसले होते.

"बोल, ढवळू," तो म्हणाला. "तू आता चैती हायस."

ढवळूने घसा खाकरला. समोर त्याची बायको चैती मांडीवर सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होती. तिच्याकडे न पाहता तो बोलू लागला.

"मी चैती. माझा नवरा बाजारातून मला बांगड्या आनत नाय."

"नाय," चैती म्हणाली. "असं नाय." तिची बोटे थांबली नाहीत.

"सासू मला टोचून बोलते."

"तुझी आई तर कवाची वारली रं," एक पंच म्हणाला. मागे बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"मग... नवरा ताडी पितो."

"कोन पीत नाय?" दुसरा पंच म्हणाला.

"असं नाय," चैती म्हणाली आणि रिकामे टरफल बाजूला टाकले.

जामसरच्या अलीकडच्या या पाड्यावर काडीमोड मागायला येणाऱ्या जोडप्यासाठी एकच रीत होती. आपले गाऱ्हाणे आपण सांगायचे नाही. नवऱ्याने बायकोचे सांगायचे, बायकोने नवऱ्याचे, आणि तेही आपणच ती किंवा तो आहोत असे समजून. ज्याचे गाऱ्हाणे असेल त्याने ऐकून घ्यायचे आणि पटले तर "असंच" म्हणायचे. दोघांचे "असंच" झाले की पंच काडी मध्ये धरत, दोघे दोन बाजूंनी ती मोडत, आणि नाते संपे. एकाचेही अडले तर काडी मोडता येत नसे. ही रीत आपल्या बापाची, असे लाडक्या सांगे. या रितीने काही जोडपी अर्ध्यातूनच घरी परतली होती आणि काहींच्या काड्या मोडल्याही होत्या.

चैतीचे काम पहिल्याच बैठकीत झाले होते. ती उभी राहिली होती आणि एका दमात म्हणाली होती, "मी ढवळू. भाताच्या आवणीपासून माझी बायको माझ्याशी बोलत नाय. भाकर ठेवते, पानी ठेवते, बोलत नाय. मी काय केलं ते सांगत नाय. मला रातची झोप येत नाय. मी उठून बैलापाशी बसतो. बैल तरी कान हलवतो."

ढवळूने लगेच "असंच" म्हणून टाकले होते. आपण बैलापाशी जाऊन बसतो हे घरात कोणाला माहीत असेल असे त्याला वाटले नव्हते. तेव्हापासून तो जास्तच गोंधळला होता. जी बाई बोलत नाही तिला एवढे दिसते कसे, आणि दिसते तर ती बोलत का नाही, हे दोन प्रश्न त्याने आपल्या रुपीआत्याला विचारले होते. आत्याने त्याला पेज वाढली होती.

त्याची स्वतःची पाळी मात्र संपत नव्हती. मागच्या बैठकीत त्याने छपराचे सांगितले, चुलीच्या धुराचे सांगितले, चैतीला कोंबडीचे काळीज आवडते आणि ते आपणच खातो हेही सांगितले. प्रत्येक वेळी तेच उत्तर आले.

चैतीचा भाऊ सोम्या इतका वेळ खांबाला टेकून उभा होता. तो आता लाडक्यापुढे आला.

"कारभारी, आता पुरे झालं. मी जव्हारला जाऊन आलोय. तिथं कचेरीत अर्ज देतात. साहेब दोघांना समोर बोलावतो, विचारतो, लिहून घेतो, निकाल सांगतो. माझी बहीन मोकळी होईल. हितं हा गडी कोंबडीची काळजं सांगत बसलाय."

"साहेब काय विचारील?" लाडक्याने विचारले.

"कोनाची चूक, ते."

"मग चैती काय सांगंल?"

सोम्याने बहिणीकडे पाहिले. "तिला ठावं हाय. ती सांगंल."

"तुला सांगितलं तिनं?"

भातकापणी संपल्यावर चैती एका सकाळी वावर या माहेरगावी सोम्याच्या दारात येऊन उभी राहिली होती आणि काडी मोडायची आहे एवढेच म्हणाली होती. भावजयीने विचारले, शेजारणींनी विचारले. तिने उत्तर दिले नाही. पंचांनी बैठक धरल्यापासून ती लाडक्याच्याच घरी, त्याच्या बायकोजवळ राहत होती. तिथेही तेच.

"ही शेवटची बैठक," सोम्या म्हणाला. "आज काडी मोडली नाय तर मी अर्ज करनार. आन बकरी आमची हाय, ती आमच्याबरोबर येईल."

बकरी खळ्याच्या खुंट्याला बांधलेली होती. लग्नानंतर सोम्यानेच ती बहिणीला दिली होती, तेव्हा ती पिल्लू होती. काडी मोडली तर ती माहेरी परत जायची, म्हणून त्याने ती ढवळूच्या घरून मुद्दाम आणवली होती.

"बरं," लाडक्या म्हणाला. "आधी आंबील पिऊ."

पंच आत गेले. रुपीआत्याने ढवळूचा दंड धरला आणि त्याला पेंढ्याच्या उडवीमागे ओढत नेले.

"गाढवा, तोंड कशाला पाडतोस? तू जिंकतोयस."

"कसा?"

"चुकलास तर काडी मोडत नाय. काडी मोडली नाय तर बायको तुझी. चुकत राहा."

"सोम्या अर्ज करील."

"करू दे. साहेबबी विचारीलच ना, तुमच्या पंचांनी काय केलं म्हनून? पंचांनी काडी मोडली नाय. मग जा घरी, म्हनंल."

ढवळूने डोके खाजवले. "म्हंजे मला सांगता येत नाय, तेच बरं?"

"तेच बरं."

"आन आलं तर?"

"आलं तर बायको गेली."

ढवळू खाली बसला. पेंढ्याची एक काडी उचलून तो ती बोटाभोवती गुंडाळू लागला, आणि काय करतो आहे हे ध्यानात येताच त्याने ती घाईने टाकून दिली.

"पन आत्या, तिला काय झालंय ते मला जानून घ्यायचं हाय."

"जानून काय करशील? बैलाला सांगशील?" असे म्हणून आत्या निघून गेली.

बकरी ओरडली. सकाळपासून तिला कोणी पाणी दाखवले नव्हते. ढवळूने मडक्यातले पाणी लाकडी परातीत ओतून तिच्यापुढे ठेवले. बकरीने तोंड पाण्यात नाकापर्यंत बुडवले, मग एकदम मान झटकली. पाणी ढवळूच्या तोंडावर उडाले. त्याने ते पुसले नाही. पंच बाहेर येऊन बसले, लाडक्याने दोनदा हाक मारली, तरी तो ओल्या तोंडाने बकरीसमोर उभा होता.

"ढवळू, येतोस का?"

तो आला. छपराचेच पुन्हा सांगायचे, असे त्याने ठरवले होते. ते चुकणार हे नक्की होते.

"मी चैती," तो म्हणाला. "माझा नवरा..."

छपराचे पुढे आलेच नाही.

"आवणीच्या दिवसांत आम्ही वावरहून येत होतो. ओहोळाला पूर आला. आम्ही मधेच होतो. पानी छातीला लागलं. मी उंबराची फांदी धरली. माझ्या कडेला पिल्लू होतं. त्यानं पिल्लू घेतलं. त्यानं बकरी आधी नेली."

रुपीआत्याने कपाळावर हात मारला.

चैतीने एक शेंग उचलली. "नाय," ती म्हणाली. "असं नाय."

"असं कसं नाय?" ढवळूने वर पाहिले. "बकरी आधीच नेली की मी."

"तू चैती हायस," लाडक्याने आठवण करून दिली.

"हां. मी चैती. बकरी माझी होती. भावानं दिलेली. ती वाहून गेली असती तर मी रडले असते. म्हनून त्यानं आधी ती नेली. मला फांदी धरता येते, बकरीला येत नाय."

दोन्ही पंचांनी मान डोलावली. सोम्याचीही मान हलली, मग त्याने ती थांबवली.

"हे त्याचं झालं," चैती म्हणाली. "माझं नाय."

घामाने की पाण्याने, ढवळूचे तोंड अजून ओलेच होते. त्याने डोळे मिटले.

"पलीकडं गेल्यावर त्यानं बकरी पुसली. मग तो खडकावर बसला. माझ्याकडं पाठ करून." त्याने डोळे उघडले आणि सरळ चैतीलाच विचारले, "तू हाक मारली होतीस, नाय?"

असे विचारणे रितीत बसत नव्हते. एका पंचाने लाडक्याकडे पाहिले. लाडक्याने हात हलवून त्याला गप्प केले. चैतीच्या बोटांत एक शेंग अर्धी उकललेली होती आणि ती तशीच राहिली होती.

"मी हाक मारली," ढवळू हळूहळू म्हणाला. "पुन्हा पुन्हा मारली. त्यानं वळून पाहिलं नाय."

बकरी परात चाटत होती.

"मला ऐकू येत होती," ढवळू म्हणाला. तो आता चैती राहिला नव्हता, आणि हे त्याच्या ध्यानातही नव्हते. "पाय हलंनात. वळलो आन फांदीला तू नसलीस तर? हाक येत होती तोवर तू होतीस. मी हाक ऐकत बसलो. हाक थांबली तवा धावलो."

मग तो एकदम भानावर आला. त्याने लाडक्याकडे पाहिले, पंचांकडे पाहिले.

"हे माझं झालं," तो म्हणाला. "तिचं नाय. चुकलो."

लाडक्याने पागोट्यातली काडी काढली आणि ती दोन्ही हातांत आडवी धरली.

"चैती. असंच?"

सोम्या एक पाऊल पुढे आला. रुपीआत्याने मान दुसरीकडे फिरवली. चैती बोटांतल्या शेंगेकडे पाहत राहिली.

"नाय," ती म्हणाली. "असं नाय."

तिची बोटे हलत नव्हती. लाडक्याने आधी तिच्या बोटांकडे पाहिले, मग तिच्या तोंडाकडे.

"पुन्हा विचारतो."

"असं नाय, म्हनले ना." शेंग तिच्या चिमटीत फुटली. दाणे सुपाबाहेर उडाले.

"मग कसं?" सोम्या ओरडला. "आता काय राहिलं? तू तरी सांग एकदा!"

"ती सांगायची नाय," एक पंच म्हणाला. "रीत हाय."

लाडक्या उठला. त्याने काडी पुन्हा वळचणीत खोचली. ती जुन्या जागी बसेना, एक टोक बाहेरच राहिले. त्याने ते तसेच राहू दिले.

"होळीनंतर बघू," तो म्हणाला.

"मी जव्हारला जातो."

"जा की. अर्जात काय लिहायचं ते तेवढं बहिनीला विचारून जा."

मागच्या बाया पुन्हा हसल्या. चैतीने सुपातले दाणे लाडक्याच्या बायकोच्या टोपलीत ओतले. घरातून तिने आपले गाठोडे आणले, बगलेत मारले आणि खुंट्याचे दावे सोडले.

"कुठं निघालीस?" सोम्याने विचारले.

"बकरी बांधायला."

"वावर तिकडं हाय."

"हिचा खुंटा हिकडं हाय," ती म्हणाली आणि चालू लागली.

ढवळू जागेवरच उभा होता. आत्याने त्याला मागून ढोसले.

"आत्या, काय चुकलं?"

"चुकलं ते चुकू दे. चाल."

पायवाटेवर चैती पुढे, मध्ये बकरी, मागे ढवळू. आत्या मुद्दाम बरीच मागे राहिली. थोडे अंतर गेल्यावर ढवळूने विचारले, "खडकावर बसून विडी ओढली, म्हनून?"

"नाय."

"बकरी तुझ्या गाठोड्यातल्या लुगड्यानं पुसली, म्हनून?"

"असं नाय," ती मागे न पाहता म्हणाली.

एवढे शब्द ती आवणीनंतर त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती, पण तो पुढचे कारण शोधण्यात गढला होता.

ओहोळाला आता घोट्याएवढे पाणी होते. उंबराची फांदी बरीच वर होती, तिच्यावर पुरात अडकलेले वाळके गवत अजून लोंबत होते. बकरी काठाशी अडली. चैतीने दावे ओढले, तरी ती पाय रोवून उभी राहिली. तिला पाणी कधीच सोसत नसे.

ढवळू सवयीने पुढे झाला. त्याने वाकून बकरीच्या पोटाखाली हात घातले. बकरी आता चांगली जड झाली होती. ती अर्धी उचलली आणि तो तसाच थांबला. त्याने चैतीकडे पाहिले. मग बकरीकडे. मग पाण्याकडे. त्याने बकरी खाली ठेवली. चैतीकडे हात केला. तो अर्ध्यावरच मागे घेतला.

चैतीने दावे त्याच्या हातात दिले. लुगडे वर खोचून ती पाण्यात उतरली आणि पलीकडे गेली. तिथल्या खडकावर तिने गाठोडे ठेवले आणि वळून उभी राहिली.

ढवळू दावे धरून अलीकडेच उभा होता. बकरी आणायची, की दावे सोडून आधी आपण जायचे, ते त्याला काही केल्या कळेना. चैती काही सांगत नव्हती. ती नुसती त्याच्याकडे पाहत होती, आणि तो पाण्यात पाय घालीपर्यंत तिने मान वळवली नाही.