सतरा अंशांचा आळ

मी एक जुना तांब्याचा ठोकळा आहे, मित्रांनो, आणि आज माझं डोकं फिरलंय.

संगणकाचा प्रोसेसर ठरल्यापेक्षा जोरात पळवला की तो तापतो. त्याच्या डोक्यावर मी बसतो. माझ्या पोटातल्या बारीक खाचांतून पाणी धावतं आणि ती आग वाहून नेतं. अमेरिकेतल्या थंडगार डुलुथ गावच्या लोर्ना किवेलाने कारखान्यातलं काम सांभाळून, अकरा रविवार खपून त्या खाचा कोरल्या. तिच्या धाकट्या भावाकडे, डॅरेलकडे, मी सात वर्षं राबलो. पाण्याचा एक थेंब गळू दिला नाही. "ताई, तुझ्या हाताला तोड नाही," असं हाच डॅरेल म्हणायचा!

यंदा जानेवारीत त्याने दुकानातून चकचकीत ठोकळा आणला आणि गॅरेजमध्ये आमची तुलना मांडली. हरेल तो भंगारात. आधी माझी पाळी. हीटर धडधडतोय, साहेब बनियनवर. प्रोसेसर अठ्ठ्याहत्तर अंशांवर. मग साहेबांनी बर्फ उडवायचं यंत्र आतच सुरू केलं. गॅरेजभर धूर! मोठं दार सताड उघडलं, बाहेर उणे वीस, आणि त्या गारठ्यात नव्याची तपासणी. एकसष्ट अंश. मी म्हणे सतरा अंशांनी हरलो. त्यांच्या संगणकवेड्यांच्या क्लबच्या फळ्यावर फोटोंसकट तसं लागलंही. "लोर्नाचा ठोकळा कॉफी गरम ठेवायला बरा," म्हणून लोक खिदळले. माझ्यापेक्षा तिच्या हातांचा तो अपमान होता. मी खोक्यात नुसता चडफडत होतो.

लोर्नाने फळा पाहिला आणि तडक गॅरेज गाठलं.

"तपासताना गॅरेजची हवा किती होती रे?"

"हवा? गॅरेज तेच होतं की, ताई."

"मग एका फोटोत तू बनियनवर आणि दुसऱ्यात कानटोपी-कोटात कसा?"

डॅरेलची नजर उघड्या दाराकडे गेली.

"दार लाव. पुन्हा तपास. माझ्यासमोर."

या वेळी दोघांनाही एकच हवा मिळाली. मी हरलो. एका अंशाने.

"हरलाच ना शेवटी?" डॅरेल पुटपुटला.

"हरला, एका अंशाने! उरलेले सोळा तुझे आहेत. जा, फळ्यावर तेही लिही."

लाल कानांनी त्याने सगळ्यांसमोर लिहिलं. लोर्नाने मला कोटाच्या खिशात घातलं. "याला भंगारात कोण टाकतंय, बघतेच मी."

मित्रांनो, जुन्या वस्तू खुशाल बदला. पण त्यांना नालायक ठरवण्याआधी नीट मोजा. एका अंशाचा दोष माझा आहे, तो मी मान खाली घालून घेईन. सतरांचा घेणार नाही.